‘रेडियन’मधला ‘अँगल’ नंतर सापडला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याच्या खाली एक छोटी चौकट असते. रोजच्या वापरातला एखादा शब्द कुठून आला, हे तिच्यात चार ओळींत सांगितलेलं असतं. मी ती न चुकता वाचतो. गेल्या महिन्यात तिच्यात ‘रेडियन’ आला, कोन मोजायचं गणितातलं एकक. ‘रेडियस (त्रिज्या) आणि अँगल (कोन) हे दोन शब्द कापून, जोडून इंग्रजांनी हा शब्द तयार केला,’ एवढंच लिहून चौकट मोकळी झाली. त्यावर पुढे नागपुरातूनच दोन पत्रं आली. खामल्याच्या वाचकांचं म्हणणं, की जोडबिड काही नाही, ‘मीडियन’ आणि ‘मेरिडियन’ तसाच हा ‘रेडियन’, शेवटचा भाग निव्वळ प्रत्यय. महाल भागातल्या वाचकांनी तर वादच संपवला. मूळ शब्द आपला ‘त्रिज्या’, त्याचं झालं ‘त्रिज्यन’, आणि गोऱ्या साहेबाच्या जिभेला ते पेललं नाही म्हणून ‘रेडियन’. जाता जाता ‘जॉमेट्री म्हणजे आपलीच ज्यामिती’ असाही एक टोला त्यांनी हाणला होता.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराचसा काळ कालव्यांच्या आखणीत गेला. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, तिपाईवर चढवायचा, फील्ड बुक उघडायचं आणि खलाशाला, म्हणजे मोजणीवरच्या मदतनिसाला, हाताने डावीकडे-उजवीकडे सरकवत खुंटी ठोकायला लावायची, हे काम. सर्व्हेवाल्याच्या तोंडी अंश, मिनिट आणि सेकंद असतात, रेडियन नसतो. त्यामुळे या शब्दावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर उत्तर थोडं पुढे येईल. आधी शब्दाबद्दल. कारण त्याच्या जन्माचा निकाल शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लागून चुकला आहे, आणि तोही संपादकांना आलेल्या पत्रांतूनच.

‘नेचर’ हे इंग्लंडचं विज्ञान साप्ताहिक. त्याचे जुने अंक आता घरबसल्या वाचता येतात. १९१० सालच्या ८३व्या खंडात ७ एप्रिलला टॉमस म्यूर यांचं एक पत्र छापलेलं आहे. म्यूर स्कॉटलंडचे गणिती. निर्धारकांचा (डिटर्मिनंट्सचा) इतिहास लिहिणारे म्हणून ते ओळखले जातात. त्या काळी ते दक्षिण आफ्रिकेत केप वसाहतीच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. विषय एवढाच, की त्रिकोणमितीतला ‘रेडियन’ हा शब्द कुणी आणि कसा केला.

मागची हकीकत अशी. वर्तुळाच्या त्रिज्येएवढ्याच लांबीचा कंस घेतला, तर तो केंद्राशी जो कोन करतो तो वर्तुळ कितीही मोठं किंवा लहान असलं तरी तेवढाच भरतो, ५७ अंश १७ मिनिटं आणि जवळजवळ ४५ सेकंद. हे माप इंग्लंडात नवं नव्हतं. रॉजर कोट्स या केंब्रिजच्या प्राध्यापकाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते वापरलं होतं आणि त्याचे अंश दशांश चिन्हानंतर कितीतरी घरांपर्यंत काढले होते. पण त्याला नाव नव्हतं. पुढची दीडशे वर्षं पुस्तकं ‘वर्तुळीय मापाचं एकक’ अशा लांबलचक शब्दांनी काम भागवत राहिली. शिकवणाऱ्याला वर्गात दर मिनिटाला ते म्हणायचं म्हणजे तोंडाला फेस. १८६९ मध्ये म्यूर सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठात होते, तेव्हा त्यांना वाटलं की याला एकच सुटसुटीत शब्द पाहिजे. त्यांच्या मनात तीन होते. ‘रॅड’, ‘रेडियल’ आणि ‘रेडियन’. कुठला घ्यावा हे ठरेना.

इथे क्षणभर थांबावं, अशी चौकटीच्या लेखकाला माझी विनंती आहे. ‘रेडियस’ आणि ‘अँगल’ जोडू या, असं मनाशी ठरवून माणूस बसला असता, तर त्याच्या यादीत ‘रॅड’ कशाला आला असता? ‘रेडियल’ तरी कशाला? त्या दोन्हींत ‘अँगल’चा मागमूस नाही. म्यूर यांच्या डोक्यात धागा एकच होता, त्रिज्येचा. तिन्ही शब्दांत तेवढाच भाग कायम आहे. शेपूट कुठलं लावायचं, याचीच काय ती चर्चा होती.

‘अँगल’ आला तो १८७४ मध्ये. म्यूर यांनी अलेक्झांडर एलिस यांना पत्र लिहून सल्ला विचारला. हा माणूस निवडण्यात म्यूर यांची हुशारी दिसते. एलिस गणितही जाणत आणि शब्दांचे उच्चार, त्यांची घडण हा तर त्यांचा मुख्य विषय. आपल्याकडच्या संगीतवाल्यांनाही ते परके नाहीत. श्रुतींचं अंतर मोजायला जी ‘सेंट’ची मोजपट्टी वापरतात, सप्तकाचे १२०० भाग करणारी, ती एलिस यांचीच. तर या एलिस यांनी ‘रेडियन’ला लगेच मान्यता दिली. कारण म्यूर यांच्या पत्रात आहे. ‘रेडियल अँगल’ याचा तो संक्षेप आहे असं मानता येईल, म्हणून हे रूप चांगलं.

‘मानता येईल.’ सगळी मेख या दोन शब्दांत आहे. शब्द आधीच तयार होता. त्याच्यात ‘अँगल’ दडलेला आहे, असं परीक्षकाने नंतर दाखवून दिलं आणि त्या जोरावर त्याला पास केलं. म्हणजे आपल्या चौकटीतलं विधान निम्मं बरोबर म्हणावं लागेल, पण त्यातही ‘रेडियस’ नाही, ‘रेडियल’ पाहिजे. आणि खामल्याच्या वाचकांना जो प्रत्ययाचा वास आला, तो उगीच आला नाही. तीन नावांच्या यादीत ‘रेडियन’ प्रथम आला तो ‘रेडियल’चा भाऊ म्हणून, जोडशब्द म्हणून नव्हे. शब्द कसा जन्मला आणि त्याचं समर्थन पुढे काय दिलं गेलं, या दोन बाबी आपण फार सहज एक करून टाकतो. व्युत्पत्तीच्या निम्म्या गमतीजमती अशाच तयार होतात.

एवढ्यावर प्रकरण संपलं नाही. म्यूर यांचं पत्र छापून येताच त्याच महिन्यात ‘नेचर’ला दुसरं पत्र आलं, जेम्स थॉमसन यांचं. त्यांच्या वडिलांचं नावही जेम्स थॉमसनच. वडील म्हणजे लॉर्ड केल्व्हिन यांचे थोरले भाऊ, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक. मुलाचं म्हणणं, हा शब्द माझ्या वडिलांनीही केला होता. पुरावाही पक्का. ५ जून १८७३ची परीक्षेची प्रश्नपत्रिका, जिच्यात ‘रेडियन’ छापलेला आहे. छापील स्वरूपात हा शब्द आढळण्याची ती पहिली वेळ मानतात. आणि वापरात तर तो त्यांच्याकडे १८७१ पासून होता. जूनमध्ये दोघांची पुन्हा पत्रं आली, आणि त्यात थॉमसन यांच्या मुलाने जे लिहिलं ते मला फार आवडलं. म्यूर आणि वडील यांना हा शब्द एकमेकांशी संबंध नसताना सुचला, आणि नेमकं नाव कुठलं यापेक्षा या कोनाला नाव दिलं पाहिजे हे दोघांनाही स्वतंत्रपणे वाटलं ही बाब जास्त महत्त्वाची, असा त्याचा आशय. भांडण सुरू होण्याची पूर्ण सोय असताना दोघांनी ते टाळलं. आपल्या पत्रव्यवहाराच्या स्तंभात असं अलीकडे कधी वाचल्याचं आठवत नाही. असो.

आता माझा अधिकार. या थोरल्या जेम्स थॉमसन यांनी त्याच वर्षी, म्हणजे १८७३ मध्ये, बेलफास्ट सोडलं आणि ते ग्लासगो विद्यापीठात अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाच्या खुर्चीवर आले. ती खुर्ची रिकामी झाली होती, कारण तिच्यावरचे विल्यम रँकिन १८७२च्या डिसेंबरात वारले होते. रँकिन! हे नाव वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. बाकीच्या जगाला रँकिन वाफेच्या इंजिनासाठी माहीत असतील. आमच्यासारख्यांना ते वळणासाठी माहीत आहेत. कालवा, रस्ता, रेल्वे, कशाचंही गोल वळण जमिनीवर आखायचं तर स्पर्शिकेपासून एकेक खुंटीचा कोन काढावा लागतो, आणि त्याची जगभर वापरली जाणारी रीत रँकिन यांच्या नावाने चालते. सूत्र साधं आहे. दोन खुंट्यांमधली जीवा भागिले वळणाची त्रिज्या, गुणिले १७१८.९. उत्तर मिनिटांत.

समजा, त्रिज्या १५० मीटर आहे आणि खुंट्या १५ मीटरवर ठोकायच्या आहेत. १५ भागिले १५० म्हणजे एक दशांश. १७१८.९ चा दहावा भाग १७१.८९ मिनिटं, म्हणजे २ अंश ५१ मिनिटं ५३ सेकंद. पहिल्या खुंटीला एवढा कोन, दुसरीला याच्या दुप्पट, तिसरीला तिप्पट, आणि असं वळण संपेपर्यंत. पेंचच्या कालव्यावर उन्हाळ्यात आम्ही ही बेरीज पहाटेच उरकून ठेवत असू, कारण दहानंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळांनी रेंजिंग रॉड, म्हणजे निशाणाची काठी, दुर्बिणीत नाचायला लागतो. हा आकडा मी इतक्या वेळा मोठ्याने म्हणत असे, की भंडाऱ्याकडचा आमचा एक म्हातारा खलाशी एकदा म्हणाला, “हा सतराशे अठरा कोन्या देवाचा हाय जी? रोज त्याचंच नाव घेता.”

तो आकडा कुठून येतो, हे तंत्रनिकेतनात आम्हाला कुणी सांगितलं नाही. सूत्र पाठ करा, गणित सोडवा, विषय संपला. पण उलगडून पाहिलं तर एका रेडियनमध्ये ३४३७.७५ मिनिटं असतात, आणि त्याची निम्मी म्हणजे १७१८.९. निम्मी का, तर स्पर्शिका आणि जीवा यांच्यामधला कोन हा केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो. दहावीच्या भूमितीत हे प्रमेय आहे. म्हणजे आम्ही रोज वापरत होतो तो अर्धा रेडियनच, फक्त मिनिटांच्या वेशात. आणि या मापाला ज्यांनी नाव दिलं, ते रँकिन यांच्याच खुर्चीवर जाऊन बसले. थॉमसन यांचं एक आणखी देणं अभियंत्यांच्या तोंडी आहे. पिळाच्या बळाला जो ‘टॉर्क’ म्हणतात, तो शब्दही त्यांचाच.

सर्व्हेवाल्याच्या खिशात रेडियनचा दुसराही एक वेश असतो, २,०६,२६५. एका रेडियनमध्ये इतके सेकंद. एक किलोमीटरवर नजर टाकताना कोन एक सेकंदाने चुकला, तर टोकाला फरक पडतो पाच मिलिमीटरच्या थोडा आत. आमच्या वीस सेकंदांच्या व्हर्नियरवर, म्हणजे कोनाचे बारीक भाग वाचायच्या पट्टीवर, एक घर चुकलं की तोच फरक जवळजवळ दहा सेंटिमीटर. हा आकडा आपल्या भागात फार जुना आहे. हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन वारले, ज्यांनी मद्रासपासून त्रिकोणांची साखळी विणत भारताच्या मोजणीचं काम इथवर आणलं होतं. त्या त्रिकोणांच्या बाजू मैलोगणती लांब, त्यामुळे पृथ्वीची गोलाई मध्ये येते आणि तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरते. किती जास्त, ते सेकंदांत काढायचं तर त्रिकोणाच्या क्षेत्रफळाला पृथ्वीच्या त्रिज्येच्या वर्गाने भागून २,०६,२६५ ने गुणायचं. साधारण दोनशे चौरस किलोमीटरला एक सेकंद पडतो. लॅम्बटन यांच्या काळी ‘रेडियन’ शब्द अस्तित्वातच नव्हता. काम मात्र त्याच्याविना होत नव्हतं.

आता महालातल्या वाचकांच्या पत्राकडे वळतो. त्यांच्या मुद्द्यात एक दाणा खरा आहे, फक्त तो त्यांनी सांगितलेल्या जागी नाही.

आर्यभटाची ‘ज्या’ची, म्हणजे त्रिज्येने गुणलेल्या साइनची, सारणी पाहा. इ. स. ४९९ च्या सुमाराची. त्याने वर्तुळाच्या परिघाचे राशीचक्राप्रमाणे ३६० अंश, म्हणजे २१,६०० कला केल्या, आणि मग त्रिज्याही कलांमध्येच मोजली. पंचांग बघणाऱ्याला कला-विकला सांगायला नकोत. कला म्हणजेच आमचं मिनिट, विकला म्हणजे सेकंद. परीघ आणि व्यास यांचं प्रमाण त्याने ६२,८३२ला २०,००० असं दिलं आहे. त्यावरून त्रिज्या निघते ३४३८ कला. वर रेडियनची मिनिटं दिली आहेत, तो आकडा परत बघा. माझ्या १७१८.९ ची ती दुप्पट आहे. पेंचच्या कालव्यावर ज्या देवाचं नाव मी घेत होतो, त्याचा पत्ता असा थेट पाचव्या शतकात निघाला.

त्या सारणीची पहिलीच नोंद २२५ आहे. कंस २२५ कला, म्हणजे पावणेचार अंश, आणि त्याची ज्याही २२५. कोन लहान असला की कंस आणि ज्या जवळजवळ एकच भरतात, हे त्या एका नोंदीत दिसतं. आणि ते दिसतं कारण त्रिज्या आणि कंस एकाच मापात आहेत. आज अकरावीचा मुलगा मान खाली घालून लिहितो, की कोन शून्याकडे जाताना साइन भागिले कोन बरोबर एक. ते रेडियनमध्येच खरं आहे. अंशांमध्ये तेच उत्तर ०.०१७४५ येतं, आणि मग साइनचा अवकलज (डेरिव्हेटिव्ह) काढताना प्रत्येक पायरीला हा शेपटीसारखा आकडा ओढत न्यावा लागतो. केरळात चौदाव्या शतकात माधव या गणितीने तर त्रिज्या ३४३७ कला, ४४ विकला, ४८ तत्परा (तत्परा म्हणजे विकलेचा साठावा भाग) इथपर्यंत नेली. त्याच्या विकला करून पाहिल्या तर २,०६,२६४.८ होतात. खिशातल्या आकड्याशी ताडून पाहा.

म्हणून आर्यभटाने रेडियन शोधला, असं मी म्हणणार नाही. आणि कुणी म्हटलं तर मी त्याला हटकेन. आर्यभटाने रेषा कोनाच्या मापाने मोजली. कोट्स आणि थॉमसन यांनी कोन रेषेच्या मापाने मोजला. दोन्हींमागचं गुणोत्तर एकच आहे, पण वाट उलटी आहे. कोनाला स्वतःचं कुठलंही माप नको, नुसतं कंसाचं त्रिज्येशी गुणोत्तर पुरे, ही कल्पना दुसऱ्या वाटेवरची आहे. त्याला कमीपणा समजायचं कारण नाही. आकडा आपल्याकडे होता आणि अचूक होता. हे खरं श्रेय पुरेसं मोठं आहे.

राहिला ‘त्रिज्या’ शब्द. लॅटिनमधला ‘रेडियस’ म्हणजे चाकाचा आरा, किंवा किरण. त्याचं त्रिज्येशी काही नातं नाही, ना उच्चाराचं ना अर्थाचं. त्रिज्येतली ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. पण मग ‘त्रि’ कशाचं? तीन काय आहे त्रिज्येत? शाळेत ‘त्रिज्या म्हणजे केंद्रापासून परिघापर्यंतचं अंतर’ असं घोकताना हा प्रश्न एकाही पोराला पडत नाही, आणि पडला तरी मास्तर टाळतात. तीन आहेत राशी. एक राशी तीस अंशांची, तीन राशी म्हणजे नव्वद. नव्वद अंशांची ज्या ही वर्तुळाच्या त्रिज्येएवढी असते. जुने ज्योतिषी तिला ‘त्रिराशिज्या’ किंवा ‘त्रिभज्या’ म्हणत. मधला शब्द झिजून उरली ती ‘त्रिज्या’. व्याकरणात याला मध्यमपदलोपी समास म्हणतात. पुस्तकातलं उदाहरण पुरणपोळी. आपल्या नागपुरात तर्रीपोहे चालतील.

तेव्हा महालातल्या वाचकांना मी एवढंच सुचवीन, की साम्य उच्चारात शोधू नका, घडणीत शोधा. ‘त्रिज्या’ हा संक्षेप आहे, आणि एलिस यांचं मानलं तर ‘रेडियन’ही संक्षेपच. एकाने मधलं पद गाळलं, दुसऱ्याने शेवटच्या पदाची दोनच अक्षरं ठेवून बाकी कापलं. कारण दोन्हीकडे तेच असणार. रोज दहा वेळा म्हणायचा शब्द माणूस लांब ठेवत नाही. इथे ‘नागपूर सुधार प्रन्यास’ पूर्ण कोण म्हणतो? बातमीत ‘नासुप्र’ आणि तोंडातही ‘नासुप्र’. 

‘जॉमेट्री म्हणजे ज्यामिती’ हे मात्र साफ उलटं आहे. ‘जॉमेट्री’तला ‘जी’ ग्रीक आहे, अर्थ जमीन, आणि मराठीत आपण तिला ‘भूमिती’ म्हणतो ते त्याच अर्थाने. ‘ज्यामिति’ हिंदीवाल्यांनी घेतला. तो करणाऱ्याची चतुराई अशी, की संस्कृतात ‘ज्या’चा एक अर्थ पृथ्वी असाही आहे, त्यामुळे शब्द अर्थानेही बसला आणि कानालाही इंग्रजीसारखा लागला. ‘ज्यामिति’ हेच या शास्त्राचं जुनं नाव असतं, तर अठराव्या शतकात जयसिंगाच्या दरबारातल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ संस्कृतात आणला तेव्हा ‘रेखागणित’ असं नवं नाव कशाला दिलं असतं? जसा हा, तसाच ‘कोसाइन’मधला ‘को’ म्हणजे आपली ‘कोटि’, हाही एक निरोप मोबाइलवर फिरत असतो. कोटिज्या आपली खरीच. पण इंग्रजीतला ‘को’ एडमंड गुंटर या इंग्रज गणितीने १६२० मध्ये लॅटिन ‘काँप्लिमेंटी सायनस’ तोडून लावलेला आहे, म्हणजे कोटिकोनाची साइन. तोही संक्षेपच, आणि त्याची कागदावर नोंद आहे. ‘साइन’ मात्र खरंच आपल्या ‘ज्या’पासून अरबीमार्गे गैरसमजुतीने तिकडे गेला आहे. ती गोष्ट आता सर्वांना पाठ आहे, म्हणून इथे सांगत नाही. खरी देणगी असताना नकली कशाला मिरवायच्या, एवढंच.

दोन शब्द उघडउघड जोडून केलेला भूमितीतला शब्दच चौकटीला हवा असेल, तर ‘स्टेरेडियन’ घ्यावा. घन या अर्थाचा ग्रीक ‘स्टेरिओस’ आणि आपला ‘रेडियन’. गोलाच्या केंद्रातून दिसणाऱ्या घनकोनाचं हे एकक. पूर्ण गोलात ते ४π (चार ‘पाय’), म्हणजे साडेबारापेक्षा थोडे जास्त भरतात. आंतरराष्ट्रीय मापपद्धतीने १९६० मध्ये रेडियन आणि स्टेरेडियन या दोघांसाठी ‘पूरक एककं’ असा वेगळा बाक ठेवला होता. लांबीला लांबीने भागून जे येतं त्याला एकक म्हणावं की नुसता आकडा, हे ठरत नव्हतं. १९९५ मध्ये तो बाक काढून दोघांना साधित एककांत बसवलं. किंवा मग ‘स्क्वर्कल’ घ्या. ‘स्क्वेअर’ आणि ‘सर्कल’, दोन्ही शब्द धडधडीत दिसतात. मोबाइलच्या पडद्यावरच्या चित्रचौकटी ज्या ना धड चौकोनी ना धड गोल असतात, तो आकार. तिथे नंतर कुणाला समर्थन शोधावं लागलं नाही.

‘रेडियन’बद्दल दुरुस्ती छापायची झाली तर माझी सूचना अशी: ‘हा शब्द त्रिज्येवरून म्यूर आणि जेम्स थॉमसन यांनी स्वतंत्रपणे केला, १८७३ मध्ये तो प्रथम छापला गेला, तो रेडियल अँगलचा संक्षेप आहे असं मानता येतं हे १८७४ मध्ये एलिस यांनी दाखवलं.’ चौकटीत तीन ओळी होतील. जागा कमी पडली तर तारखा काढा, पण ‘मानता येतं’ तेवढं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
प्रतापनगर, नागपूर